ख्रिस्तपुराण ते ख्रिस्तायन : शब्द घडविणारे कवी

‘ख्रिस्तायन’ हा शब्द रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पूर्वीच्या मराठी कोशांत शोधून सापडणार नाही. ‘राम’ आणि ‘अयन’, म्हणजे मार्ग, मिळून जसे ‘रामायण’ झाले, तसा टिळकांनी ‘ख्रिस्त’ आणि ‘अयन’ यांचा संधी केला. हे नाव घडविताना त्यांनी व्याकरणही सांभाळले. ‘रामायण’ शब्दात शेवटी ‘ण’ आहे, ‘ख्रिस्तायन’ शब्दात मात्र ‘न’. पाणिनीच्या नियमाप्रमाणे ‘र’ नंतर येणाऱ्या ‘न’ चा ‘ण’ होतो. परंतु दोहोंच्या मध्ये ‘स’ किंवा ‘त’ यांसारखा दन्त्य वर्ण आला, तर हा बदल थांबतो. पॅलेस्टाइनच्या भूमीतून ग्रीक भाषेच्या वाटेने आलेले नाव असे पाणिनीच्या अंगणात येऊन बसले आणि तेथील शिस्तही त्याने पाळली.

रूढ कोशात नसलेला शब्द घडविण्याचा अधिकार कवीला आहे काय? आणि त्याने घडविलेला शब्द कोणाच्या बळावर टिकतो? साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रश्न सर्वत्र पडतात. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत मात्र ते घरचे आहेत. आपण दररोज ज्या शब्दांनी प्रार्थना करतो, त्यांतील कित्येक शब्द कधी ना कधी कोणीतरी धाडस करून घडविलेले आहेत. म्हणून हा इतिहास थोडा क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

मराठीत नवा शब्द घडविण्याच्या मुख्यत्वे तीन वाटा आहेत. पहिली समासाची : दोन शब्द जोडून तिसरा करणे. दुसरी नामाचे क्रियापद करण्याची. ‘खर्च’ आणि ‘बदल’ ही नामे फारसी-अरबीच्या वाटेने आली; मराठीने त्यांना ‘णे’ लावले आणि ‘खर्चणे’, ‘बदलणे’ ही क्रियापदे आपल्या घरची झाली. तिसरी वाट विभक्तीची. परका शब्द तसाच ठेवावयाचा, पण त्याला ‘चा’, ‘ला’, ‘ने’ हे आपले प्रत्यय लावावयाचे. मग तो वाक्यात आपल्या माणसासारखा वागू लागतो. कवी या तिन्ही वाटांनी जातात. फरक इतकाच, की व्यवहारात जो शब्द वापरता वापरता पन्नास वर्षांत घडतो, तो कवी एका बैठकीत घडवितो, आणि म्हणून तो प्रथम कानाला खटकतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठण फार दूर नाही. संत एकनाथ तेथले. इ. स. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ सर्वसाधारणपणे मानला जातो. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, किल्ल्यावर अधिकारी होते, अशी परंपरा आहे. त्या काळी येथे निजामशाहीचा अंमल होता आणि दरबाराची भाषा फारसी होती. शेतकऱ्याला सारा माफ करून घ्यावयाचा असो की पाटलाला वतन टिकवावयाचे असो, कचेरीत जो कागद जाई, त्यातले शब्द फारसी-अरबी असत. एकनाथांनी हे कचेरीचे कागद उचलले आणि भारुडात आणले. त्यांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’ आहे, ‘कौलनामा’ आहे, ‘जाबचिठ्ठी’ आहे, ‘ताकीदपत्र’ आहे आणि ‘अभयपत्र’ही आहे. ‘ताकीदपत्र’ शब्दाची जोडणी पाहावी. ‘ताकीद’ अरबी, ‘पत्र’ संस्कृत. शुद्धतेच्या आग्रही माणसाला असा जोड रुचावयाचा नाही. परंतु जीव हा अर्जदार, देह हा परगणा आणि परमेश्वर हा मायबाप सरकार, अशी मांडणी करावयाची तर कचेरीची भाषाच हवी. पंडितांच्या संस्कृतात ज्याला बोलता येत नव्हते, त्या कुणब्याला अर्जाची भाषा चांगली ठाऊक होती, कारण तिच्यामुळे त्याने पुष्कळ सोसले होते. ज्या शब्दांनी त्याच्यावर जुलूम झाला, त्याच शब्दांनी त्याला देवाकडे गाऱ्हाणे घालता आले.

याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्या मराठीचे एवढ्या निष्ठेने जतन करणारा पुरुषच भारुडात अशी मिश्र भाषा योजतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शब्दांची मिसळ हे अज्ञानाचे लक्षण असतेच असे नाही. कित्येकदा ती प्रेमापोटी केलेली निवड असते.

एकनाथ पैठणला लिहीत होते, त्याच काळात एक इंग्रज तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशर परगण्याचे. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. भारतात स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये निधन होईपर्यंत, त्यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी प्रांतात काढली. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय, असून ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार भरते.

हे पुराण का लिहिले गेले, त्याचे कारण ग्रंथातच आले आहे. एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने फादरांना विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्या जागी दुसरे काही वाचावयास का देत नाही? प्रश्न रास्त होता. लहानशी प्रश्नोत्तरी पाठ करून माणसाचे मन भरत नाही. संध्याकाळी दिव्याजवळ बसून मोठ्याने वाचावे, चारचौघांनी ऐकावे, असे काही त्याला लागते. या लोकांच्या कानात ओवी होती. फादर स्टीफन्स यांनी ओवीच घेतली.

परंतु ओवीत शब्द कोणते घालावयाचे? प्रस्तावनेत त्यांनी आपले धोरण सांगून ठेवले आहे. ग्रंथ मराठीत आहे. पण निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांना नीट समजणार नाही म्हणून तीत स्थानिक बोलीचे सोपे शब्द त्यांनी जाणूनबुजून मिसळले. पैठणच्या भारुडात जे झाले तेच येथे निराळ्या कारणाने झाले.

श्रद्धेच्या विषयांसाठी फादर स्टीफन्स तीन प्रकारांनी चालले. काही ठिकाणी त्यांनी जुनाच शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरला. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. ‘मुक्ती’, ‘परमेश्वर’ हे शब्दही तसेच आले. काही ठिकाणी दोन घरगुती शब्द शेजारी बसविले. आरंभीच्या नमनात ‘देव’ आणि ‘बाप’ हे शब्द एकत्र येतात. ‘पिता’ म्हणता आले असते; पण ‘बाप’ म्हणताच कष्टाने राबणारा, रागावणारा आणि जवळ घेणारा आपल्या घरातला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसरा प्रकार परक्या शब्दांचा. क्रूस, बाप्तिस्मा, ‘स्पिरितु सांतु’ हे शब्द त्यांनी पोर्तुगीज-लॅटिनमधून आणले. एखाद्या रहस्याला जुना शब्द दिला तर जुनाच अर्थ मनात राहील, अशी भीती त्या काळच्या मिशनऱ्यांना वाटत असे. परंतु आणलेला शब्दही ओवीत परका राहिला नाही. जुन्या मराठीत ‘देवु’, ‘रामु’ असा पुल्लिंगी नामाच्या शेवटी उकार येई. त्याच चालीवर ‘ख्रिस्तु’ आला. क्रूस या शब्दाला विभक्ती लागली, ‘क्रुसाचा’, ‘क्रुसावर’ अशी रूपे झाली, आणि आज आपल्या घरातील आजीला तो शब्द कोणत्या देशातून आला हे सांगावे लागत नाही.

फादर स्टीफन्स यांचे जहाज ज्या मार्गाने आले, त्या मार्गावरील आफ्रिकेत याच काळी हाच प्रश्न उभा होता. १६२४ मध्ये मातेउश कार्दोझू या येशूसंघीय धर्मगुरूंची किकोंगो भाषेतील प्रश्नोत्तरी लिस्बनला छापली गेली. फादर स्टीफन्स यांची स्वतःची प्रश्नोत्तरी राशोलला १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली होती. कोंगोच्या त्या पुस्तकाने देवासाठी ‘न्झांबी अ म्पुंगू’ हे तेथील लोकांच्या तोंडचेच नाव स्वीकारले. आफ्रिकेतील भाषांची शब्द घडविण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. त्यांतील पुष्कळ भाषांत शब्दाच्या आरंभीचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो : झुलू भाषेत ‘उमुंटू’ म्हणजे माणूस, ‘अबांटू’ म्हणजे माणसे आणि ‘उबुंटू’ म्हणजे माणुसकी. स्वाहिली भाषेने अरबीतून ‘किताब’ हा शब्द घेऊन ‘किटाबू’ केला. आपल्या भाषेत ‘कि’ हा एकवचनाचा उपसर्ग आहे म्हणून अरबी शब्दातील ‘कि’ देखील उपसर्गच मानला आणि अनेकवचन ‘विटाबू’ करून टाकले. अरबी व्याकरणाला हे मान्य होणार नाही. स्वाहिली बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आपला ‘किताब’ही याच घराण्यातला. झुलू लोकांच्या स्तुतिकाव्यात तर सबंध वाक्य दाबून एका नावात बसवितात. त्यांचा राजा शाका याचे ‘नोदुमेहलेझी’ हे बिरुद असेच आहे. बसल्या जागीच ज्याच्या नावाचा डंका वाजतो तो, असा त्याचा अर्थ. आपल्या बहुव्रीही समासाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तमिळनाडूत याहून वेगळे धाडस झाले. इटलीहून आलेले फादर बेस्की, ज्यांना तमिळ लोक वीरमामुनिवर म्हणतात, यांनी अठराव्या शतकात संत योसेफाच्या जीवनावर ‘तेंबावणी’ हे महाकाव्य रचले. योसेफ या हिब्रू नावाचा अर्थ ‘तो वाढवील’ असा आहे. बेस्कींनी नावाचा नुसता उच्चार तमिळ केला नाही. त्याच्या अर्थाकडे पाहून ‘वळन’, म्हणजे समृद्धीचा, असे नवेच नाव योजिले. गोव्यात परके नाव मराठी प्रत्यय लावून आत आले, मदुराईकडे ते अर्थरूपाने पुन्हा जन्मले. दोन्ही कवींना आपापल्या ठिकाणी लोकांनी जवळ केले.

मात्र शब्द कितीही चांगला घडविला, तरी तो म्हणणारी माणसे नसतील तर तो टिकत नाही. ख्रिस्तपुराणाची कथा याच दृष्टीने मनाला लागते. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचे ठरविले आणि लोकांनी पोर्तुगीज शिकून घ्यावी म्हणून तीन वर्षांची मुदत घातली. एका धर्मगुरूने आयुष्य वेचून ज्या भाषेची तिच्यातच स्तुती केली होती, ती भाषा ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच दाराबाहेर काढली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ उरला तो हस्तलिखितांत. गोव्यातून दक्षिणेला कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या पोथ्या उतरवून घेतल्या, वाचल्या, गाइल्या आणि सांभाळल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेत सापडले. पुण्याहून १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणि मुंबईहून १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी देवनागरीत आवृत्त्या सिद्ध केल्या. मुद्रणालये आणि राजाज्ञा यांना जे साधले नाही, ते संध्याकाळी घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या ओवीने साधले.

टिळकांपर्यंत येताना मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे जातात. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे कार्य मोठ्या प्रमाणावर अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे झाले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते, तरी त्यांची गीते आमच्या मंदिरांत आम्ही आपली म्हणून गातो. ‘अभंग’ आणि ‘अंजली’ जोडून त्यांनी ‘अभंगांजली’ केली. तुकोबांचा छंद आणि हात जोडण्याची कृती एका शब्दात आली. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या भक्तमंडळाला ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. ‘दरबार’ हा फारसी शब्द वाचताना आम्हांला पैठणच्या अर्जदस्ताचे स्मरण होते. अर्ज सोळाव्या शतकात लिहिला गेला आणि दरबार विसाव्यात भरला, असे म्हणावयास हरकत नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून पूर्ण झाले नाही. १९१९ मध्ये ते निवर्तले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या स्त्रीचे शिक्षण घरीच, तेही नवऱ्याने हट्टाने दिलेले, तिने पतीने घडविलेल्या शब्दाला देह दिला.

याच सुमारास मराठी कविता आणखी एका वळणावर येत होती. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये आला, तेव्हा ‘पंक्चर’ आणि ‘पंप’ या इंग्रजी नामांची त्यांनी केलेली मराठी क्रियापदे पाहून अनेकांनी नाके मुरडली. वास्तविक ‘खर्चणे’ ज्या वाटेने आले, त्याच वाटेने ही क्रियापदे आली. गिरणीच्या आणि यंत्राच्या शहरात माणसाचे मन कसे झाले आहे, हे सांगण्यास तुळशीवृंदावनाचे शब्द अपुरे पडत होते.

कधी कधी नवा शब्द माणसाला ताठ उभे करतो. एमे सेझेर हे मार्टिनिक बेटावरील कृष्णवर्णीय कवी. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा फ्रेंच शब्द उचलला, त्याला लॅटिन घाटाचा भारदस्त प्रत्यय जोडला आणि ‘नेग्रित्यूद’ हा शब्द जगाला दिला. शिवीचे बिरुद झाले. सेनेगलचे कवी आणि पुढे तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले लिओपोल्ड सेंगोर यांनी तो शब्द पुढे नेला. ते कॅथलिक होते आणि तरुणपणी त्यांनी धर्मगुरू होण्याचा विचारही केला होता. आमच्या शहराला ही गोष्ट परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तुडविला गेलेला एवढाच ज्याचा मूळ अर्थ, त्या ‘दलित’ शब्दाला ज्या साहित्याने अभिमानाचे नाव केले, त्याचे एक मोठे केंद्र हेच शहर झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी येथूनच चालविलेल्या नियतकालिकाचे नाव पाहावे : ‘अस्मिता’ आणि ‘आदर्श’ जोडून ‘अस्मितादर्श’. आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. नावाने माणूस कसा लहान होतो आणि नावानेच तो कसा उभा राहतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान जाहीर केले आणि लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले. त्यानंतर मराठीत जे शब्द रूढ झाले, त्यांची घडण पाहिली की वरील सर्व कवींचे ऋण ध्यानात येते. ‘मिस्साबलिदान’ यात ‘मिस्सा’ लॅटिन आणि ‘बलिदान’ संस्कृत, अगदी नाथांच्या ‘ताकीदपत्रा’सारखा जोड. ‘ख्रिस्तयाग’, ‘ख्रिस्तसभा’, ‘कृपासंस्कार’ हे ‘ख्रिस्तायना’चे भाऊबंद. ‘क्रुसाची वाट’ यात राशोलच्या ओवीतील परका पाहुणा षष्ठीचा प्रत्यय लावून घरचा झालेला. हे शब्द वापरताना आज कोणी अडखळत नाही. ते समितीच्या टेबलावर तयार झाले असतील. पण त्यांत जीव आला तो मंदिराच्या बाकावर.

म्हणून कवीच्या अधिकाराचे उत्तर आम्हांला असे दिसते. शब्द घडविण्याचा अधिकार त्याला गरजेतून मिळतो, आणि तो शब्द ठेवावयाचा की टाकावयाचा, हे म्हणणारे लोक ठरवितात. अलीकडे आपल्या मुलांची शाळा इंग्रजीत आहे. ती इंग्रजीत प्रार्थना म्हणतात याचे दुःख करण्याचे कारण नाही. देवाला सर्व भाषा समजतात. परंतु ‘देव’ आणि ‘बाप’ हे दोन शब्द शेजारी ठेवताना एका परदेशी धर्मगुरूने केवढा विचार केला, हे त्या मुलांना कोणी तरी सांगावयास हवे. कानडा मुलखात गेलेल्या त्या कुटुंबांजवळ पोथी आणि संध्याकाळचा दिवा यांखेरीज दुसरे साधन नव्हते. वाचकहो, येत्या उपवासकाळात कुटुंबात रोज संध्याकाळी ख्रिस्तपुराणाच्या दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात. जुना शब्द अडला तर थांबावे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. एखाद्या शब्दाचा अर्थ आजी सांगेल आणि एखाद्याचा नातू शोधून काढील.